लच्छियव्वेचे माहेर

यादवांच्या आरंभीच्या इतिहासाची साधने मोजकीच आहेत. संगमनेरचा शके ९२२ चा ताम्रपट, अकोले तालुक्यातल्या कळस बुद्रुकचा शके ९४८ चा, वसईचा शके ९९१ चा आणि या सर्वांनंतर दोनशे वर्षांनी हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात घातलेली राजप्रशस्ती. देवगिरीचे वैभव, रामचंद्रदेव, ज्ञानेश्वर, महानुभाव हे सगळे पुढचे. इसवी सन १००० मध्ये हे घराणे राजे नव्हते, महासामंत होते. नाशिक, सिन्नर, संगमनेर या टापूला सेउणदेश म्हणत, आणि तिथे दुसरा भिल्लम सत्तेवर होता. त्याचे एक बिरुद 'विजयाभरण'. त्या बिरुदावरून त्याने विजयाभरणेश्वर नावाचे शिवालय उभारले. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरच्या गावी मिळालेला त्याचा ताम्रपट कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या दुसऱ्या खंडात छापला, त्यालाही आता सव्वाशे वर्षे उलटून गेली.

मी ही वंशावळ प्रथम वाचली तेव्हा सगळ्यांसारखीच वाचली. दृढप्रहार, सेउणचंद्र, धाडियप्प, भिल्लम, श्रीराज, वद्दिग, पुन्हा धाडियप्प, पुन्हा भिल्लम, मग वेसुगी, मग तिसरा भिल्लम. एकाखाली एक नावे, मधे उभी रेघ. शाळेतल्या इतिहासापासून हीच सवय लागलेली असते. पण या ताम्रपटांच्या प्रशस्तींत आणखी काही नावे आहेत आणि ती उभ्या रेघेवर बसत नाहीत. ती बाजूने येतात. वद्दिगाची राणी वोद्दियव्वा, धोरप्पाची मुलगी. दुसऱ्या भिल्लमाची राणी लच्छियव्वा, झंझाची मुलगी. वेसुगीची राणी नायलदेवी, गोग्गीची मुलगी. तिसऱ्या भिल्लमाची राणी हम्मा, हिलाच आवल्लदेवीही म्हणतात, चालुक्य जयसिंहाची मुलगी. सून कुणाची लेक, हे प्रशस्तिकार आवर्जून सांगतो.

यांतली लच्छियव्वा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रा. गो. भांडारकरांनी 'अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन'मध्ये तिच्याविषयी थोडक्यात लिहिले आहे. ती झंझाची मुलगी आणि आईकडून राष्ट्रकूट कुळातली, म्हणजे माहेर, आजोळ आणि सासर मिळून तीन राजकुळांशी तिचा संबंध. भांडारकर इतके सांगून पुढे जातात, कारण त्यांना सबंध दख्खनचा इतिहास आवरायचा होता. आपल्याला तशी घाई नाही.

आधी नावाकडे पाहू. 'लच्छी' हे लक्ष्मीचे प्राकृत रूप आणि 'अव्वा' ही कन्नड. म्हणजे नावाचा पूर्वार्ध महाराष्ट्री प्राकृताच्या अंगणातला, उत्तरार्ध कृष्णेपलीकडच्या भाषेतला. तिची थोरली सासू वोद्दियव्वाही 'अव्वा'च. सोलापूर-अक्कलकोटकडच्या लिंगायत घरांत आईला नाहीतर आजीला आजही अव्वा म्हणतात. अक्का आणि अण्णा तर आपण इतके आपले करून टाकले आहेत की ते कन्नडातून आले हे सांगावे लागते. यादव मुळात कानडी की मराठी, हा वाद आपल्याकडे बराच रंगला. त्या वादात पडणाऱ्यांनी राजांच्या नावांची चिकित्सा केली, बिरुदांची केली. राण्यांची नावे मात्र पुराव्यादाखल उल्लेखून सोडून दिली. मला वाटते, ही नावे घराण्याचे 'मूळ' फारसे सांगत नाहीत. सिन्नरच्या वाड्यात येणाऱ्या सुना कोणत्या दरबारांच्या वळणात वाढल्या होत्या, ते सांगतात. तो काळ मान्यखेटाच्या, म्हणजे मालखेडच्या, राष्ट्रकूट दरबाराचे वळण थोर मानण्याचा होता. आणि त्या दरबाराची राजभाषा संस्कृत असली तरी घरातली हाक कन्नड होती.

आता आजोळ. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण (९३९ ते ९६७) हा दख्खनचा अखेरचा खरोखर बलाढ्य राष्ट्रकूट. दक्षिणेत चोळांना तक्कोलमला हरवणारा. यादव वद्दिग हा त्याचा मांडलिक. वद्दिगाला मिळालेली मुलगी धोरप्पाची, आणि हा धोरप्प कोण याचे उत्तर नावातच दडलेले आहे. 'धोर' हे ध्रुवाचे देशी रूप. आठव्या शतकात याच कुळात ध्रुव नावाचा पराक्रमी राजा होऊन गेला, त्याचे बिरुद 'निरुपम'. तिसऱ्या कृष्णाचा एक धाकटा भाऊ निरुपम म्हणून ओळखला जातो. ध्रुव आणि निरुपम ही जोडी त्या कुळात एकत्र चालत आलेली, म्हणून वद्दिगाचा सासरा धोरप्प म्हणजे हाच निरुपम, असे अभ्यासकांनी अनुमान केले. मला ते पटते. आणि ते मान्य केले की पुढचा धागा हाती लागतो. निरुपमाचा मुलगा कर्क, ज्याला कक्कलही म्हणतात, हा राष्ट्रकूटांचा शेवटचा सम्राट. म्हणजे यादवांच्या घरातली थोरली सून वोद्दियव्वा ही या शेवटच्या सम्राटाची बहीण ठरते.

जरा वद्दिग या नावाकडेही पाहावे. तिसऱ्या कृष्णाचा बाप तिसरा अमोघवर्ष, त्याचे घरगुती नाव बद्दिग किंवा बद्देग. मांडलिकाने धन्याचे नाव मुलाला ठेवावे, हा सामंतांचा जुना रिवाज. तसे इथे झाले असेल तर सोयरीक होण्याच्या कितीतरी आधीपासून यादवांचे डोळे मान्यखेटाकडे लागलेले होते.

लच्छियव्वेच्या आईचे नाव प्रशस्ती देत नाही, कुळ देते. म्हणजे लागोपाठच्या काळात यादवांनी राष्ट्रकूट रक्ताच्या दोन सुना आणल्या, एक थेट राजकुळातली आणि दुसरी आईकडून. सामंतांच्या जगात पदवी राजाकडून मिळे, पण पायरी सोयरिकीने ठरे. महासामंत शेकड्याने होते. सम्राटाच्या पुतणीशी लग्न झालेला महासामंत वेगळ्या पंगतीत बसे.

बापाकडचे कुळ हा मात्र वादाचा विषय आहे. झंझ म्हणजे ठाण्याच्या शिलाहारांपैकी झंझ असावा, असे भांडारकरांनी सुचवले. कल्पना मोहक आहे. शिलाहार हे उत्तर कोकणातले राष्ट्रकूटांचे मांडलिक; कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले त्यांचे जे लेख आहेत त्यांत सार्वभौम राजा म्हणून अमोघवर्षाचेच नाव येते. राष्ट्रकूट मुलगी शिलाहारांकडे दिली जाणे अगदी स्वाभाविक. आणि हा झंझ काही सामान्य माणूस नव्हता. त्याने स्वतःच्या नावाची बारा शिवमंदिरे बांधली असे शिलाहारांचे ताम्रपट सांगतात. अरब प्रवासी मसुदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपले चौल. तिथल्या राजाचे नाव त्याने झंझ असेच लिहून ठेवले आहे. एका अरबाच्या कानाने टिपलेले आणि एका ब्राह्मण कवीने ताम्रपटात घातलेले नाव एकच निघावे, याचा आनंद कुणालाही होईल.

पण हीच तारीख अडचण करते. झंझ ९१६ मध्ये गादीवर आहे. भिल्लम ताम्रपट देतो आहे १००० मध्ये, आणि त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी त्याच्या आदल्या दोन दशकांतल्या आहेत. झंझाला उतारवयात, समजा ९३० च्या आसपास, मुलगी झाली असे धरले तरी ताम्रपटाच्या वर्षी ती सत्तरीची होते आणि तिचा नवरा अजून रणांगणाच्या ताज्या आठवणी मिरवतो आहे. त्या काळी नवरा बायकोपेक्षा लहान असण्याचा संभव जवळजवळ नाही. शिवाय शिलाहारांकडे झंझानंतर त्याचा भाऊ गोग्गी, मग गोग्गीचा मुलगा वज्जड आणि मग वज्जडाचा अपराजित गादीवर आला. अपराजित हा भिल्लमाचा समकालीन. म्हणजे लच्छियव्वा अपराजिताची चुलत आत्या होईल आणि भिल्लम अपराजितापेक्षा एक पिढी वरचा. अनंत सदाशिव आळतेकरांनी कालगणनेचा हाच आक्षेप घेतला आणि तो निस्तरता येत नाही. माझे मत असे की लच्छियव्वेचा बाप हा मसुदीने पाहिलेला झंझ नव्हे. नावे कुळात फिरत राहतात, आजोबाचे नातवाला जाते. शिलाहारांच्याच एखाद्या पातीत पुढे दुसरा झंझ झाला असण्याला काही अडकाठी नाही. मोठ्या राजाशी नाते जोडून देण्याचा मोह प्रशस्तिकारांना होता तसा तो आधुनिक संशोधकांनाही होतो. तो टाळला तरी लच्छियव्वेचे मोल कमी होत नाही, कारण तिची खरी कसोटी आईच्या कुळामुळे आहे.

ती कसोटी ९७२ आणि ९७३ या दोन वर्षांतली.

तिसऱ्या कृष्णानंतर त्याचा भाऊ खोट्टिग गादीवर आला. माळव्याचा परमार सीयक, जो हर्ष नावानेही ओळखला जातो, ९७२ मध्ये मान्यखेटावर चालून आला आणि त्याने राजधानी लुटली. या लुटीचा पुरावा एका कोशात आहे. धनपाल कवीने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा कोश रचला आणि माळवेकरांनी मान्यखेट लुटले त्या वर्षी तो पुरा झाला असे लिहिले. कोशाचे नाव 'पाइयलच्छी'. पुन्हा तीच लच्छी! एका शहराची राखरांगोळी झाली हे आपल्याला भावाने बहिणीला दिलेल्या शब्दकोशातून कळते.

खोट्टिगानंतर पुतण्या कर्क. त्याला वर्षभरही सुखाने राज्य करता आले नाही. त्याचाच मांडलिक तैलप, चालुक्यांचा वंशज म्हणवणारा, ९७३ मध्ये उठला आणि राष्ट्रकूटांची सव्वादोनशे वर्षांची सत्ता संपली. दख्खनच्या प्रत्येक सामंताला आता ठरवायचे होते, कुणाकडे जायचे.

यादव तैलपाकडे गेले. तैलपाचे माळव्याच्या मुंजाशी वैर. दोघांच्या मध्ये गोदावरी, आणि गोदावरीच्या काठचा मुलूख यादवांचा. मुंज पकडला गेला आणि मारला गेला. मेरुतुंगाने पुढे 'प्रबंधचिंतामणी'त याची कहाणी रंगवली: गोदावरी ओलांडू नको म्हणून विनवणारा मंत्री रुद्रादित्य, कैदेतल्या मुंजाचे तैलपाच्या बहिणीवर, मृणालवतीवर, जडलेले प्रेम, तिने केलेला घात. मराठी वाचकाला हीच मृणालवती ठाऊक असते. सोयरीक, कुळ, तारीख यांपैकी काहीही जिला नाही ती तीनशे वर्षांनंतरच्या प्रबंधात अजरामर झाली आणि त्याच युद्धाच्या दुसऱ्या बाजूला ताम्रपटात जिचे नाव घट्ट बसले आहे ती लच्छियव्वा कुणाला माहीत नाही.

त्या युद्धातली भिल्लमाची कामगिरी संगमनेरचा ताम्रपट अलंकारिक भाषेत सांगतो. राज्यलक्ष्मीने मुंजाची बाजू घेतली म्हणून भिल्लमाने तिला शासन केले आणि रणरंगभीमाच्या, म्हणजे तैलपाच्या, घरी तिला आज्ञाधारक गृहिणी करून बसवले, असा त्याचा आशय. कवीने ठरावीक साच्यातली उपमा वापरली, हे खरे. राज्यलक्ष्मी चंचल, वीरपुरुष तिला वळणावर आणतो, हे शेकडो प्रशस्तींत येते. पण हा श्लोक ज्या घरात वाचला गेला त्या घरच्या राणीचेही नाव लक्ष्मीच होते. तीही कुळाचे वैभव घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी आलेली. कवीला हा श्लेष सुचला नसेल असे मला वाटत नाही.

तर प्रश्न असा: जिचे आजोळ तैलपाने बुडवले, तिच्या नवऱ्याने तैलपासाठी लढावे, आणि तरीही तिचे राष्ट्रकूट आजोळ ताम्रपटात मिरवावे, हे कसे? यादवांचे हे सगळे ताम्रपट राष्ट्रकूट बुडाल्यानंतरचे आहेत. नव्या धन्याला खुश करायचे तर जुन्या धन्याशी असलेले नाते झाकायला हवे होते.

माझ्या मते याची दोन कारणे आहेत आणि दुसरे पहिल्यापेक्षा भक्कम आहे. पहिले कारण वैराचे. मान्यखेट लुटले ते परमारांनी. तैलप चालून आला तेव्हा घर आधीच फोडले गेले होते. मुंज हा सीयकाच्या गादीवर बसलेला. तेव्हा मुंजाशी लढणे म्हणजे राष्ट्रकूटांशी द्रोह, असे यादवांच्या घरात कुणालाच वाटले नसणार; उलट जुने उट्टे फेडल्याचे समाधानच असेल. वोद्दियव्वेच्या भावाचे राज्य गेले ते तैलपामुळे, हे मात्र या युक्तिवादाने पुसले जात नाही.

दुसरे कारण असे की राष्ट्रकूटांशी नाते हे तैलपाच्या दरबारात कमीपणाचे नव्हतेच. तैलपाची स्वतःची राणी जाकव्वा ही भम्मह रट्टाची मुलगी, म्हणजे राष्ट्रकूटच. पुन्हा 'अव्वा'. ज्याने राष्ट्रकूटांचे राज्य घेतले त्याच्याच अंतःपुरात राष्ट्रकूट लेक पट्टराणी होती. तैलपाची आई बोंथादेवी चेदीच्या कलचुरींची आणि तिसऱ्या कृष्णाची आई कुंदकदेवीही चेदीच्या कलचुरींचीच. जिंकणारा आणि हरणारा या दोघांचीही आजोळे त्रिपुरीला! सत्ता पुरुषांकडून पुरुषांकडे तलवारीने गेली, पण राज्य करण्याचा हक्क सांगायला जी कुलीनता लागे ती बायकांच्या बाजूने अखंड चालत राहिली. म्हणून बुडालेल्या कुळाची लेक असणे ही लच्छियव्वेची अडचण न होता घराण्याची ठेव झाली. राज्य बुडाले तरी रक्ताचा भाव उतरला नव्हता.

सगळ्यांनीच असा व्यवहारी मार्ग धरला असेही नाही. शिलाहार अपराजिताचा भादाणचा ताम्रपट शके ९१९ चा, संगमनेरच्या फक्त तीन वर्षे आधीचा. भिवंडीजवळच्या या गावच्या दानलेखात अपराजित राष्ट्रकूटांची सबंध वंशावळ देतो आणि तैलपाने ते राज्य बुडवल्याबद्दल उघड हळहळ व्यक्त करतो. राष्ट्रकूटांना जाऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. त्याला कुणाला धनी म्हणायचे नव्हते, म्हणून तो मेलेल्या धन्याचे नाव घेत राहिला. कोकणच्या सुरक्षित कोपऱ्यात बसून हे परवडणारे होते. सिन्नरच्या पठारावर, माळव्याच्या वाटेत राहणाऱ्याला ते परवडले नसते. भिल्लमाने युद्ध तैलपाचे केले आणि राष्ट्रकूटांची आठवण बायकोच्या नावाशेजारी ठेवली.

पुढचे दोन विवाह पाहिले की यादवांचा हिशेब स्पष्ट होतो. लच्छियव्वेची सून नायलदेवी ही चालुक्य कुळातल्या गोग्गीची मुलगी. हा गोग्गी म्हणजे वर आलेला शिलाहार गोग्गी नव्हे. या काळातले नाव-साम्य माणसाला वेड लावते. हा लाटचा, दक्षिण गुजरातचा, बारप्पाचा मुलगा. बारप्प हा तैलपाचा सेनापती, त्याला तैलपाने लाट प्रांत दिला होता. म्हणजे राष्ट्रकूट आजोळाच्या सासूच्या हाताखाली आता चालुक्यांच्या सेनापतीची नात आली. दोघींनी एका वाड्यात किती वर्षे काढली, काय बोलल्या, हे ताम्रपट सांगत नाही. ९७३ चा अर्थ दोघींच्या माहेरी अगदी उलटा होता, एवढे मात्र खरे.

आणि त्यानंतर हम्मा. ती सेनापतीची नात नव्हे. ती सम्राट जयसिंहाची मुलगी, आहवमल्ल सोमेश्वराची बहीण, तैलपाचीच थेट वंशज. वोद्दियव्वेपासून हम्मेपर्यंत यादवांनी एका साम्राज्याची पुतणी ते दुसऱ्या साम्राज्याची लेक असा प्रवास केला. मधल्या काळात स्वतःची पदवी महासामंताचीच होती. पुढे याच घराण्यातल्या दुसऱ्या सेउणचंद्राने चालुक्य विक्रमादित्याला त्याच्या भाऊबंदकीच्या काळात साथ दिली असे हेमाद्री म्हणतो. ते केवळ सामंताचे कर्तव्य म्हणून वाचले जाते, पण त्यामागे सोयरीकही होती.

हेमाद्रीच्या काळापर्यंत चित्र पालटलेले होते. यादव आता स्वतः सार्वभौम, त्यांना सासऱ्यांची गरज उरली नव्हती. प्रशस्ती चंद्रापासून निघते, यदूवरून द्वारकेला येते आणि तिथून दृढप्रहाराला दक्षिणेत आणते. जिनप्रभसूरीने 'विविधतीर्थकल्पा'त नाशिकची जी कथा दिली आहे ती याहून साधी आणि मला जास्त विश्वासार्ह वाटते. द्वारका जळताना वाचलेली एक गर्भवती स्त्री, तिला झालेला मुलगा दृढप्रहार, चोरांनी पळवलेली गुरे त्याने सोडवून आणली म्हणून लोकांनी त्याला दिलेले नगररक्षकाचे पद. द्वारकेचा भाग सोडला तर उरतो तो गुरे राखणारा एक धाडसी गावरक्षक. त्याच्या वंशजांना चंद्रापर्यंत पोचायला चार-साडेचारशे वर्षे लागली आणि त्या चढणीच्या पहिल्या पायऱ्यांवर वोद्दियव्वा आणि लच्छियव्वा उभ्या आहेत.

राहता राहिल्या यादवांच्या स्वतःच्या लेकी. ताम्रपट घरात आलेल्यांची नावे देतो, घरातून गेलेल्यांची देत नाही. लच्छियव्वेला मुलगी असेल तर तिचे नाव कुठल्यातरी दुसऱ्या घराण्याच्या ताम्रपटात, 'सेउण कुळातली' अशा दोन शब्दांसह शोधायला हवे. उत्तर कोकण, लाट आणि खानदेशातल्या अकराव्या शतकातल्या लेखांच्या त्या ओळी मी सध्या त्याच नजरेने वाचते आहे.